काळ्या बियरचा काढा होतो कसा

एकानं लिहिलंय की इंपिरियल स्टाउटचा, म्हणजे कडक काळ्या बियरचा, कॅन फ्रीजमधून काढला, तोंडाला लावला आणि कडू काढा प्यायल्यासारखं वाटलं. काहून बाप्पा असं करता! फ्रीजच्या गारठ्यात तिचा वास आणि गोडवा मरतो, उरतो तो नुसता कडवटपणा.

भाच्यानं परदेशातून तसाच एक कॅन आणला होता, ३३० मिलीचा, ११ टक्के अल्कोहोलचा. (आमचं गाव नागपूर जिल्ह्यात काटोलकडे, म्हणून शेजारच्या वर्धा जिल्ह्याची दारूबंदी वाटेत आली नाही.) फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं ओट्यावर ठेवला, मग स्टीलच्या नाही, काचेच्या पेल्यात ओतला. जळक्या तेलासारखी दाट धार, वर बदामी फेस, तोही लवकर बसला. पहिल्या घोटाला करपलेली भाकर आणि बिनसाखरेची कॉफी. पेला हातात जरा कोमट झाला तशी काकवी आली, आणि शेवटी चक्क वाळलेल्या मोहफुलांचा वास! मोह त्यात नसतो. हे सगळं भाजलेल्या जवाचं आणि माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं काम. काळा रंगही त्यातूनच येतो.

नाव 'इंपिरियल' कारण अठराव्या शतकात लंडनची अशी कडक काळी बियर रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीच्या दरबारात जायची.

सोबत सावजी रस्सा घेऊ नका, तिखटावर अल्कोहोल घसा जाळतं. खारे शेंगदाणे बरे. आणि एक कॅन तिघांत पुरतो. आम्ही दोघांत संपवला, बाजेवरून उठताना कळलं.