सेफ्टी आणि सिक्युरिटी, दोन्हीला 'सुरक्षा'च लिहायचं का?

चाकणचा_चाकरमानी:
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्याकडे गाडीच्या कंट्रोल युनिटवर काम करणाऱ्या मुलांचं तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे, विषय हा की सिस्टिमचं मॉडेल काढतानाच त्यात सिक्युरिटी कशी बसवायची, म्हणजे सगळं बनून झाल्यावर शेवटी कुलूप लावायचं नाही. मुलं बहुतेक डिप्लोमावाली, आपसात मराठीतच बोलतात, म्हणून पुस्तिका मराठीत करायचं मी हौसेनं घेतलं. आता सिसएमएलमध्ये (सिस्टिमचं मॉडेल आकृत्यांत काढायची भाषा) प्रत्येक रिक्वायरमेंटची वेगळी चौकट असते, तिच्यावर प्रकार लिहिता येतो आणि ती गाडीच्या कुठल्या भागामुळे पुरी होते तिथपर्यंत रेघ ओढायची असते. मी सेफ्टीला सुरक्षा लिहिलं, सिक्युरिटीलाही सुरक्षा. मग दरवाजाच्या लॉकपाशी आलो. धडक बसली की लॉक आपोआप सुटलं पाहिजे ही सुरक्षा, आणि बाहेरच्या कुणाला नेटवरून सिग्नल पाठवून ते सोडवता येऊ नये ही पण सुरक्षा! दोन्ही गरजा एकाच लॉकवर भांडतायत, ते भांडण मॉडेलमध्ये दिसावं म्हणून तर सगळा खटाटोप, आणि माझ्या कागदावर दोघींचं नाव एकच.

शब्दवेडी:
सेफ्टी = सुरक्षितता, सिक्युरिटी = सुरक्षा. सुरक्षितता ही अवस्था झाली, सुरक्षा ही त्यासाठी केलेली व्यवस्था.

चाकणचा_चाकरमानी:
ताई, कागदावर पटतं, पण शॉपमध्ये 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी आहे ती हेल्मेट-बुटांची, म्हणजे सेफ्टी. 4 मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन, तोही सेफ्टीचा. आणि गेटवरचा सुरक्षारक्षक सिक्युरिटीचा. मुलं रोज हेच वाचतात हो.

रुळावरचा:
रेल्वेत हा प्रश्न कधीच सुटलाय. हिंदीत संरक्षा म्हणजे सेफ्टी, रेल संरक्षा आयुक्त. सुरक्षा म्हणजे सिक्युरिटी, रेल सुरक्षा बल. माझी सगळी नोकरी या दोन पाट्यांखाली गेली, घोळ झालेला पाहिला नाही. संरक्षा उचला आणि मोकळे व्हा.

शब्दवेडी:
काका, हिंदीत चालतं कारण त्यांचं डिफेन्स म्हणजे रक्षा. आपलं संरक्षण मंत्रालय आहे, मराठी माणसाला संरक्षा म्हटलं की रणगाडेच दिसणार. आणि प्रत्येक वेळी हिंदीकडून का घ्यायचं?

नेकारकाठ:
मी स्टुटगार्टला याच कामात आहे. जर्मनमध्येही दोन्हीला एकच शब्द, झिशरहाइट. आमच्या मीटिंगमध्ये जर्मन माणसंसुद्धा सरळ सेफ्टी आणि सिक्युरिटी म्हणतात. गाड्यांसाठी सेफ्टीचं स्टँडर्ड आयएसओ 26262 आलं 2011 साली, सिक्युरिटीचं 21434 आलं 2021 साली, मधली दहा वर्षं दोन्हीकडची माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसायची. तुम्ही इंग्रजी शब्दच ठेवा, मुलांना पुढे स्टँडर्ड वाचायचंय.

मायबोलीचा_मावळा:
असंच करत गेलो तर मराठी फक्त क्रियापदांपुरती उरेल. महापौर आणि दिनांक हे शब्दही एके काळी नवेच होते, लोक हसले होते, आज कुणी हसतं का?

पासबुक:
बँकेत सिक्युरिटी म्हणजे तारण आणि सिक्युरिटीज म्हणजे रोखे. सोसायटीत सिक्युरिटी म्हणजे वॉचमन. इंग्रजी ठेवल्यानं अर्थ पक्का होतो हे मला मान्य नाही.

सदाशिव_पेठी_वाचक:
पेपर उघडा, उत्तर तिथंच आहे. 'अपघात की घातपात?' हा मथळा आपण लहानपणापासून वाचतोय. सेफ्टी अपघातापासून, सिक्युरिटी घातपातापासून. 2015 साली अमेरिकेत दोघा संशोधकांनी चालत्या जीपचं नियंत्रण लांबून, गाणी लावायच्या सिस्टिममधून घेऊन दाखवलं आणि 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ब्रेकचा कुठलाही पार्ट तुटला नव्हता, समोर डोकं चालवणारा माणूस होता. फरक हेतूचा आहे आणि तो आपल्या भाषेत आधीपासून आहे. अपघातरोध आणि घातरोध असं लिहा.

चाकणचा_चाकरमानी:
हे फार आवडलं. मॉडेलमध्ये प्रत्येक पोर्टपाशी, म्हणजे सिग्नल आत-बाहेर जातो त्या जागी, थांबून दोन प्रश्न विचारायला लावता येतील: इथं काय बिघडू शकतं, आणि इथून कोण घुसू शकतं. पहिला अपघाताचा, दुसरा घाताचा. फक्त 'घातरोध' वर्गात मोठ्यानं म्हणून बघितलं, जरा औषधाचं नाव वाटतंय. त्यापेक्षा 'बंदोबस्त' कसा वाटेल?

मायबोलीचा_मावळा:
बंदोबस्त फारसी आहे.

शब्दवेडी:
तीनशे-चारशे वर्षं आपल्या घरात राहिलेला शब्द अजून पाहुणाच का?

वऱ्हाडी_ठेचा:
घात शब्दावर माझी हरकत आहे. आमच्याकडे पाऊस पडून गेला, जमीन पेरण्याजोगी झाली की 'घात आली' म्हणतात. माझे आजोबा मूठभर माती दाबून बघायचे आन् सांगायचे, आज घात आहे, तिफन काढा. आमच्यासाठी घात म्हणजे वर्षातला सगळ्यात चांगला दिवस, त्याचा कसला रोध करता?

सदाशिव_पेठी_वाचक:
तो वापसा ना?

वऱ्हाडी_ठेचा:
वापसा म्हणजे जमिनीतली ओल बरोबर असणं. घातीत ओलीबरोबर वेळही आली, ती हुकली की गेली. दोन्ही एक नाहीत.

रुळावरचा:
आमच्या खानदेशात वापसाच म्हणतात बुवा, घात पहिल्यांदा ऐकला. मराठवाड्यातल्या कुणी सांगा, तुमच्याकडे काय म्हणतात?