ऑटोइम्यून आजार पेशंटला कोणी समजवायचे? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी?

शेवंती: रुमॅटॉइड संधिवात, ल्युपस, सोरायसिस, टाइप १ मधुमेह, हाशिमोटो थायरॉइड. या सगळ्यांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. औषधं वर्षानुवर्षं चालतात, आणि ओपीडीच्या गर्दीत नीट समजावून सांगायला डॉक्टरांना सवड नसते. आरोग्यशिक्षण नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच आहे. मग हे काम शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींकडे रीतसर द्यायला काय हरकत आहे?

कडूकारलं: हरकत आहे. प्रत्यक्षात काय होतं? कार्डशीटवर रंगीत तक्ता, पाठ केलेलं भाषण, एक फोटो आणि लॉगबुकात सही. त्यात 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य ठरलेलं. अहो, इथे प्रतिकारशक्तीच अंगावर आलीय, बरीचशी औषधं ती दाबायलाच देतात! हे ऐकून पेशंटने उद्या कुठलीतरी 'बूस्टर' पावडर सुरू केली तर?

वॉर्डातली ताई: तक्त्यांबद्दल एकदम सहमत. पण आमच्या वॉर्डात एका विद्यार्थिनीने मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप आजींच्या हातात दिली आणि एवढंच विचारलं, "कधी घेणार?" आजी म्हणाल्या, "रोज रात्री जेवल्यावर, बाकीच्यांसारखीच." संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घसरतात, तोंड सोलून निघतं, जीवही जाऊ शकतो. डिस्चार्जच्या कागदावर सगळं बरोबर लिहिलेलं होतं बरं का. मुलीने मला हाक मारली, मग आम्ही वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिला. सांगण्यापेक्षा वदवून घेणं जास्त कामाचं, आणि त्यासाठी लागतो तो निवांतपणा विद्यार्थ्यांकडेच असतो.

कडूकारलं: आजींचं ठीक. उद्या पंचविशीतली मुलगी विचारेल, "मूल हवंय, गोळ्या चालू ठेवू का?" मेथोट्रेक्सेट गरोदरपणात अजिबात चालत नाही, आधीच बंद करावं लागतं. ल्युपसमधलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र सहसा चालूच ठेवतात. इथे विद्यार्थ्याची गल्लत झाली तर जबाबदार कोण?

मीही_पेशंट: मला ल्युपस आहे. स्टेरॉइडने चेहरा सुजला तेव्हा मी गोळ्या बंद करायच्या बेतात होते. "एकदम सोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला," हे मला एका विद्यार्थ्याने सांगितलं. गरोदरपणाचं विचारलं तर म्हणाला, "हे मला सांगता येणार नाही, मॅडमना बोलावतो." असं म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटला. (उन्हापासून जपायचंही त्यानेच सांगितलं. तोवर चट्टे का वाढतात हेच कळत नव्हतं.)

शेवंती: म्हणजे कुठवर बोलायचं ती हद्द आखून द्या आणि सोबत शिक्षिका ठेवा. सरसकट बंदी कशाला?

कडूकारलं: शिक्षिका सोबत असते ती कागदावर. आधी लॉगबुकातला रकाना बदला. 'किती जणांना माहिती दिली' काढा, 'पेशंटने स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं' टाका. तोवर माझं मत विरोधातच धरा.