संत्र्याची एकच फांदी पिवळी, बाकी झाड हिरवं: काय असेल?

बागराखण: मंडळी, तातडीने सल्ला हवाय. भर उत्पन्नातल्या संत्र्याच्या बागेत काही झाडांची एखादीच फांदी पिवळी पडतेय. जस्त, लोह फवारून झालं, काडीचा फरक नाही. फळं लहान, वाकडी; देठाकडे रंग चढतो पण बूड हिरवंच राहतं. आता शेजारची झाडंही तशीच दिसू लागलीत. कसली तपासणी करू?

नवती: बूड हिरवं राहतंय म्हणजे ग्रीनिंगची, या जिवाणूजन्य रोगाची, शंका घ्याच. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून बघा. जस्त कमी असेल तर पिवळेपणा दोन्हीकडे सारखा दिसतो, ग्रीनिंगमध्ये चट्टे दोन्हीकडे वेगवेगळे पडतात. फळ उभं कापा. बिया काळपट, पोचट निघाल्या तर शंका बळावते. खात्री मात्र पीसीआर चाचणीनेच होते, म्हणजे प्रयोगशाळेत पानातल्या जिवाणूचा डीएनए शोधतात. पानं पिवळ्या फांदीचीच, देठासकट पाठवा. जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे हिरव्या फांदीचं पान दिलंत तर आजारी झाडही निरोगी ठरू शकतं.

खुंटडोळा: बुंधाही बघा. डिंक येत असेल, साल कुजली असेल तर फायटोफ्थोरा (मुळं-बुंधा कुजवणारा बुरशीसारखा रोगजंतू), आणि मग आधी पाण्याचा निचरा सुधारायचा.

बागराखण: बुंधा स्वच्छ आहे. कोवळ्या फुटीवर बारीक किडे आहेत, मागचा भाग वर करून बसतात. पिल्लांच्या अंगावरून पांढरे मेणचट धागे लोंबतात. आजारी झाडं उद्याच उपटू का?

नवती: थांबा! हीच ती सिट्रस सिला, रस शोषणारी कीड; ग्रीनिंग हीच पसरवते. आधी शिफारशीतलं कीटकनाशक फवारा, मग अहवाल आला की झाड काढा. नाहीतर सिला उडून शेजारच्या झाडांवर बसेल. बांधावर कढीपत्ता किंवा कामिनी असेल तर तिथेही ती वाढते.

खुंटडोळा: अहवालाला उशीर करू नका, कळकळीने सांगतोय. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला. त्याआधी, 2003-04 च्या हंगामात, तिथे संत्र्याच्या 24 कोटी पेट्या निघाल्या होत्या. 2023-24 मध्ये 2 कोटीही नाहीत. वादळांनीही नुकसान केलं, पण मुख्य घाव याच रोगाचा. लागण झालेलं झाड बरेच महिने धडधाकट दिसतं, आणि तेवढ्यात रोग पुढे जातो.

बागराखण: खोडात इंजेक्शन देतात म्हणे?

नवती: फ्लोरिडात 2022 पासून ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनला परवानगी आहे. जिवाणू दबतो, झाड रोगमुक्त होत नाही. तुमच्याकडे मान्यता नसेल तर हात लावू नका. आणि या बागेतला डोळा कुणालाही कलमाला देऊ नका, कलमातूनही हा रोग जातो.