शब्दचर्चा: संगणकाचं नाव ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’ की ‘पाडायचं’?

आमच्या कार्यालयात नवीन संगणक आले आहेत आणि ते कसे वापरायचे याची पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आहे. जाळ्यावरच्या (नेटवर्कवरच्या) प्रत्येक यंत्राला एक नाव असतं, इंग्रजीत ‘होस्टनेम’. ‘होस्ट’चा शब्दशः ‘यजमान’ करून बनवलेले प्रतिशब्द मला पटत नाहीत. मराठीत यजमान म्हणजे पाहुण्यांचं आगतस्वागत करणारा, सत्यनारायणाला पाटावर बसणारा, आणि बायको ज्यांचा उल्लेख करते ते तिचे ‘हे’. त्यात यंत्राला जागा नाही. तेव्हा आपल्या बोलण्यातून काय मिळतं ते शोधतो आहे. संगणकच असं नाही, सायकल, तंबोरा, होडी, जी वस्तू जिवाभावाची होते आणि जिला आपण नाव देतो, त्या सगळ्यांबद्दल बोलू या.

आधी क्रियापदं. ‘नाव ठेवणे’ हा बारशाचा शब्द. बाळाचं नाव विचार करून, चारचौघांत ठेवतात आणि आत्या ते त्याच्या कानात सांगते. मात्र ‘चं’च्या जागी ‘ला’ आला आणि नावाचं अनेकवचन झालं की अर्थ पार फिरतो: ‘संगणकांना नावं ठेवली’ म्हणजे त्यांच्यात खोट काढली. ‘नाव देणे’ रस्त्याला, योजनेला, विद्यापीठाला. तिथे बहुधा थोरामोठ्यांचं नाव असतं आणि सन्मान त्यांचा होतो, रस्त्याचा नाही. ‘नाव पाडणे’ यात खोडी आहे. वर्गातली मुलं मास्तरांचं नाव पाडतात. आणि ‘नाव पडणे’ हे कोणी न करता होतं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कोणाला सांगता येत नाही, पण सगळे तेच म्हणू लागतात.

‘नाव घालणे’ याला तर स्वतंत्र जागा द्यायला हवी. भांड्याच्या दुकानात पातेलं घेतलं की दुकानदार विचारतो, ‘नाव घालायचं का?’ मग ते यंत्र घुर्रर्र करत काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवतं: ‘चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. हे नाव पातेल्याचं नाही, माणसाचं आहे. आजचे फोन नेमकं हेच करतात. ब्लूटूथच्या यादीत ‘अमक्याचा फोन’, ‘तमकीचा टॅब’ असं जे दिसतं ते भांड्यावर घातलेलं नाव आहे. त्या वस्तूला स्वतःचं नाव अजून मिळालेलं नाही.

मला हवा आहे तो या दुसऱ्या प्रकारच्या, वस्तूच्या स्वतःच्या नावासाठीचा शब्द. ‘टोपणनाव’ बसत नाही, कारण त्याच्यामागे एखादं खरं नाव असावं लागतं. ‘विशेषनाम’ बरोबर आहे पण ते व्याकरणाच्या पुस्तकातून उठून येत नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

माझं मत ‘नाव ठेवणे’ला. आमच्या गावच्या संगणकांकडे बघा म्हणजे कळेल. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. ‘पॅरलल मशीन’ या इंग्रजी शब्दांतूनही ते नाव जुळतं, पण लोकांनी ‘परम’ हे संस्कृत नाव म्हणूनच उचललं आणि पुढे त्याचं कुटुंबच झालं: परम पद्म, परम युवा, परम ब्रह्म, परम प्रवेग. ‘परम’ हे अक्षरशः आडनावासारखं चाललं आहे, फक्त आधी लागतं. २००७ साली टाटांच्या सीआरएल या कंपनीनं इथेच ‘एक’ नावाचा महासंगणक बांधला. त्या नोव्हेंबरात जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत तो चौथा होता. ‘एक’ चौथा आला, हे वाक्य तेव्हा पुण्यात अभिमानानं म्हटलं गेलं.

सगळ्यांत सुंदर नावं मात्र हवामानाच्या संगणकांची. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आदित्य होता, २०१८ साली प्रत्यूष आला, २०२४ साली अर्क. नोएडाच्या हवामान-अंदाज केंद्रात भास्कर, मिहिर आणि आता अरुणिका. आदित्य, भास्कर, मिहिर, अर्क ही चारही सूर्याची नावं; प्रत्यूष म्हणजे पहाट; अरुणिका त्याच वेळेच्या तांबूसपणातून आलेली. ऊन-पावसाचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रांना कोणीतरी बसून, विचार करून ही नावं ठेवली आहेत. याला ‘दिली’ म्हणणं कमीच पडतं.

तुलनेला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्राक’ हा संगणक घ्या. तो १९६० पासून काम करत होता, पण नाव पंडित नेहरूंनी १९६२ साली दिलं, आणि ते नाव म्हणजे संस्थेच्या आणि यंत्राच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं. तिथे मात्र ‘नाव दिलं’ हेच बरोबर.

प्रतिसाद, सांगलीहून

वरच्या यादीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. संगणक ‘तो’, म्हणून नावं मुलग्यांची. तलवार ‘ती’, म्हणून शिवछत्रपतींच्या तलवारी भवानी, तुळजा, जगदंबा. वस्तूचं लिंग नावाला ओढतं. पण अरुणिका? ‘अरुणिका हा महासंगणक’ असं म्हणावंच लागतं, तरी पुढच्या वाक्यात माझा कान ‘अरुणिका सुरू झाली’ असंच मागतो. माणसाचं नाव ठेवलं की ते आपलं लिंग बरोबर घेऊन येतं. याउलट विजापूरची तोफ. ‘मैदान’ नपुंसकलिंगी असूनही आपण ‘मुलूखमैदान धडाडली’ म्हणतो, कारण ते माणसाचं नाव नाही आणि तिथे तोफेचं लिंग जिंकतं.

आता तिचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, मग परांड्याला गेली, तिथून विजापूरला. मूळ नाव मलिक-ए-मैदान, रणांगणाचा स्वामी. मराठी तोंडात ‘मलिक’चा ‘मुलूख’ झाला, आणि पुढे तर ते एका तोफेचं नावही राहिलं नाही. सभेत दणदणीत बोलणारा कोणीही ‘मुलूखमैदान तोफ’. विशेषनामाचं सामान्यनाम होण्याचं इतकं ठसठशीत उदाहरण मराठीत विरळा. जंजिऱ्याच्या कलालबांगडीला ते भाग्य लाभलं नाही. ती अजून फक्त स्वतःचंच नाव आहे.

प्रतिसाद, नागपूरहून

वस्तूंना माणसांसारखी नावं ठेवणं हे काही संगणकाबरोबर आलेलं नाही. गीतेच्या पहिल्याच अध्यायात शंख वाजतात तेव्हा व्यासांनी कृष्णाच्या आणि पांडवांच्या शंखांची नावं सांगितली आहेत: कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. रणांगणावर नुसता आवाज ऐकून कोण आलं ते कळायचं असेल तर शंखाला नाव हवंच. वीणांचंही तसंच. नारदाची महती, सरस्वतीची कच्छपी, तुंबरूची कलावती, उदयन राजाची घोषवती.

मला अधिक मोलाचं वाटतं ते पुढचं. कौस्तुभ हे विष्णूच्या गळ्यातल्या रत्नाचं नाव. चंद्रहास ही रावणाची तलवार. सुदर्शन चक्र, विजय हे कर्णाचं धनुष्य. हे सगळे आज आपल्या घरांत, शाळेच्या हजेरीपटावर आहेत. मराठी घरातला प्रत्येक कौस्तुभ एका मण्याचं नाव वागवतो आहे. म्हणजे माणसाचं नाव वस्तूला दिलं तर ती ओढाताण, असं समजायचं कारण नाही. आपण पिढ्यानपिढ्या वस्तूंची नावं मुलांना ठेवत आलो आहोत. संगणकाचं नाव देवदत्त ठेवलंत तर ते नाव जिथून निघालं तिथेच, वस्तूंच्या कुळात, परत जाईल.

प्रतिसाद, सोलापूरहून

मी सर्व्हर, म्हणजे जाळ्यावरच्या इतर संगणकांना सेवा देणारे संगणक, सांभाळण्याच्या कामात आहे. आमच्या क्षेत्रात एक इंग्रजी दृष्टान्त फार चालतो. पूर्वी सर्व्हर म्हणजे घरातलं लाडकं कुत्रं-मांजर, प्रत्येकाला नाव, आजारी पडला की रात्र जागून बरा करायचा. आता क्लाउडच्या, म्हणजे दुसऱ्याचे संगणक जाळ्यावरून भाड्यानं वापरण्याच्या, काळात सर्व्हर म्हणजे गोठ्यातली गुरं, त्यांना फक्त क्रमांक. एक बिघडला की काढून टाकायचा आणि दुसरा उभा करायचा. प्रशिक्षणात हे सांगतात तेव्हा मला दर वेळी वाटतं की हे सांगणाऱ्यानं आपला गोठा पाहिलेला नाही.

आमच्याकडे गुरांना नाव नाही असं होतच नाही. सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. गायी कपिला, तांबू, चंद्री. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हणच बैलांच्या नावांवर उभी आहे. शेतकऱ्यानं गोठ्याच्या दारातून हाक मारली की ज्याचं नाव तोच बैल मान वळवतो. क्रमांकानं ते कसं व्हावं? हा दृष्टान्त मराठीत जसाच्या तसा आणू नये, ही कळकळीची विनंती. क्रमांकाचे सर्व्हर सांगायचेच असतील तर ‘भाड्याचे’ म्हणा, ते खरंही आहे.

प्रतिसाद, ठाण्याहून

नाव ठेवण्यात माया असते तशी सत्ताही असते, तेही या चर्चेत यावं. आमच्या पिढीपर्यंत लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं मुलीचं नवीन नाव लिहीत आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव मागे पडे. तिला कोणी विचारत नसे. मी जुना लॅपटॉप विकत घेतला तेव्हा त्याच्यावर आधीच्या मालकिणीनं ठेवलेलं ‘सायली’ हे नाव होतं. दुकानातला मुलगा म्हणाला, सगळं पुसून नव्यानं नाव टाकून देतो. मी बाकीचं पुसू दिलं आणि नाव राहू दिलं. सायली आली तेव्हा सायली होती, ती माझ्याकडेही सायलीच आहे.

प्रतिसाद, अलिबागहून

आमच्या कोळीवाड्यात होडीवर एकवीरेचं नाव असतं, तेव्हा मशीनला देवीचं नाव ठेवायला काय हरकत? हा प्रश्नच आहे, वाद नाही.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. अलिबागकरांच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो. होडीवर देवीचं नाव शोभतं कारण होडीची पूजा होते, तिच्याबद्दल बोलताना माणूस जपून बोलतो, आणि समुद्रात तीच राखणार असते. खंडेनवमीला आपण संगणकालाही हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो. पण उरलेलं वर्षभर त्याच्याबद्दल काय बोलतो? बंद पडला, पुसून टाकला, सुटे भाग काढले, मोडीत दिला. ही क्रियापदं देवीच्या नावापुढे लावायला माझी जीभ वळणार नाही. हीच अडचण गडांच्या नावांची. ‘राजगड पडला’ असं कचेरीत रोज कोणी म्हणू नये.

१९९० साली डॉन लिबेस यांनी संगणकाचं नाव कसं निवडावं यावर एक टिपण लिहिलं, आरएफसी ११७८. इंटरनेट चालवणाऱ्यांच्या कागदपत्रांत ते आजही सापडतं. त्यात सांगितलं आहे की स्वतःचं नाव यंत्राला देऊ नका, चालू प्रकल्पाचं नाव देऊ नका, लोकांना दुखावेल असं नाव नको, आणि नावं एखाद्या सूत्रातली असावीत. पुण्याच्या सूर्यकुळाला हे शेवटचं अगदी लागू पडतं. प्रकल्पाचं नाव का नको, तर प्रकल्प संपतो आणि यंत्र दुसऱ्या कामाला लागतं, नाव मात्र जुन्या कामाचंच राहतं.

यंत्र बदललं तर नाव कोणाचं, हाही प्रश्न यातूनच येतो. मला आपली घरची रीत योग्य वाटते: आजोबांचं नाव नातवाला. बाळाजी विश्वनाथांच्या नातवाचं नाव बाळाजी बाजीराव. नौदलानं विक्रांतच्या बाबतीत हेच केलं. पहिली १९९७ साली निवृत्त झाली, दुसरी २०२२ साली त्याच नावानं दाखल झाली. मधल्या वर्षांत त्या नावाची नौका नौदलाच्या सेवेत नव्हती. आम्हीही जुनं यंत्र पूर्ण बंद झाल्याशिवाय त्याचं नाव पुढच्याला द्यायचं नाही असं ठरवतो आहे, नाही तर एकाच हाकेला दोघं ओ देतील.

आणि शब्दही सोलापूरकरांच्या गोठ्यात सापडला असं मला वाटतं. पाळण्यातलं नाव वेगळं, हाक मारायचं नाव वेगळं, असं आपण माणसांबद्दल म्हणतोच. संगणकाचा अनुक्रमांक कारखान्यात ठरतो, आयपी हा त्याचा पत्ता झाला, आणि जाळ्यावरची इतर यंत्रं ज्या नावानं त्याला बोलावतात ते ‘हाकेचं नाव’. पुस्तिकेत मी ‘या संगणकाचं हाकेचं नाव ठेवा’ असं वाक्य लिहितो आहे. कोणाला खटकत असेल तर अवश्य सांगावं.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

‘हाकेचं नाव’ फार आवडलं, लगेच वापरायला घेतलं. एक व्यवहाराची गोष्ट तेवढी जोडते. या नावात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ चालते, आणि मराठी नाव रोमनमध्ये लिहिताना प्रत्येक जण वेगळं लिहितो. ‘ज्ञानदा’ची सुरुवात कोणी डी-एन-वाय करतं, कोणी जी-वाय, कोणी जे-एन. ‘ऋतुजा’त यू की आय? ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारूच नका. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की यंत्र ओ देत नाही. म्हणून नाव ठरवायच्या आधी चौघांना ते नुसतं ऐकवावं आणि रोमनमध्ये लिहायला सांगावं. चौघांचं सारखं आलं तरच घ्यावं. आम्ही नद्यांची नावं अशी तपासली. नीरा आणि भीमा गेल्या, कारण दीर्घ ई कोणी एका अक्षरात लिहिते, कोणी दोन. कोयना आणि पवना मधल्या अकारामुळे गेल्या. तापी, गोदा आणि मुठा टिकल्या.