ग्रीन कार्ड परत करताना एक्झिट टॅक्स: लूट की रीतसर हिशेब?

एडिसनकर: "एक्झिट टॅक्स अब्जाधीशांना लागतो, आपण कशाला घाबरायचं?" असं काल कोणीतरी इथे ठोकून दिलं. वाचून डोकं फिरलं. एक्झिट टॅक्स म्हणजे अमेरिकेचं ग्रीन कार्ड परत करताना लागणारा कर. शेवटच्या 15 वर्षांपैकी 8 वर्षं ग्रीन कार्ड असलं आणि नेट वर्थ 20 लाख डॉलरला पोचली, की कार्ड परत करताना सापडलात. हा आकडा 2008 पासून तसाच आहे. त्यात अमेरिकेतलं घर, 401के (नोकरीतलं निवृत्ती खातं), शेअर्स, वर कोथरूडचा फ्लॅट, सगळं धरतात. न विकलेले शेअर्स विकले असं समजून कर घेतात. सरळ लूट आहे!

ताळेबंद: लूट कसली? 2025 साठी 8,90,000 डॉलरपर्यंतचा नफा माफ होता. अमेरिकेचे रहिवासी होण्याआधी घेतलेल्या फ्लॅटची मूळ किंमत रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावाने धरता येते. नवरा-बायकोची नेट वर्थही वेगवेगळी मोजतात.

मृण्मयी: आयआरए या निवृत्ती खात्याला ती माफी नाही. आणि खरा सापळा म्हणजे कार्ड परत करताना भरायचा फॉर्म 8854. मागची 5 वर्षं करनियम पाळले अशी सही करता आली नाही, तर नेट वर्थ 1 लाख डॉलर असली तरी अडकलात. माझ्या नणंदेच्या पुण्यात एसआयपी होत्या. त्यासाठी अमेरिकेत फॉर्म 8621 लागतो हे तिला कोणी सांगितलंच नाही. सीए म्हणाला, "टीडीएस कापलाय, विषय संपला."

ताळेबंद: ताई, भारतातल्या सीएला अमेरिकेचं रिटर्न भरायला सांगितलं होतं का? अर्धे लोक जुनं सेव्हिंग खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करत नाहीत, ग्रीन कार्ड लपवतात आणि नोटीस आली की आम्हा सीएंच्या नावाने शंख!

मृण्मयी: लपवलं नव्हतं. ईमेलवर कळवलं होतं, फी दरवर्षी घेत होता. माहिती नसताना तिला खोटं पाडू नका.

ताळेबंद: मग चूक त्याची, एवढं मान्य. त्यासाठी सगळ्यांना झोडपू नका.

नाशिकची लेक: एसआयपी राहू द्या बाजूला. माझे बाबा कायमचे परत आले, कार्ड कपाटात. मुदत संपली की झालं, असं घरात सगळे धरून चाललो होतो. कार्ड परत करण्याचा फॉर्म आय-407 भरला नाही, त्यामुळे करापुरते ते तिथले रहिवासीच राहिले आणि वर्षं वाढत गेली.

एडिसनकर: माफी आहे, ठीक. पण अडकलेल्या बापाने नंतर अमेरिकेतल्या मुलीला मोठी रक्कम दिली, तर तिला 40 टक्के कर. त्याचं काय?

ताळेबंद: ते जाचक आहे, नाही म्हणत नाही. म्हणून वर्षं मोजताना कॅलेंडर बघा. वर्षातला एक दिवस कार्ड असलं तरी ते वर्ष धरतात. डिसेंबर 2018 मध्ये कार्ड मिळालं असेल, तर जानेवारी 2025 लाच आठवं वर्ष लागलं.