कारची काच दरवाजाच्या पोटात गेली, खालची पट्टी सुटलीय. घरी चिकटवता येईल का?

रात्रपाळी: काल ड्रायव्हर साइडची काच वर घेताना टक्क आवाज आला आणि काच सरळ दरवाजात गेली. मोटर फिरतेय, ऐकू येतंय, पण काच ढिम्म. आज दरवाजाचं पॅड (आतलं झाकण) काढून बघितलं तर रेग्युलेटर, म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा, धड आहे, केबल पण शाबूत, फक्त काचेच्या खालच्या कडेला जी लोखंडी पट्टी चिकटवलेली असते ती सुटून रेग्युलेटरला लटकतेय, थोडी गंजलीय पण. मी शहाणपणा करून सुपरग्लू लावला, दोनदा वरखाली झाली, तिसऱ्यांदा परत धाडकन आत. आता काय लावू? की काचेला भोक पाडून बोल्टच टाकू?

पान्हा१०: भोक अजिबात नको!! साइडची काच बहुतेक टफन्ड म्हणजे तापवून कडक केलेली (टेम्पर केलेली) असते, ड्रिल टेकवलं की हातात खडे येतील सगळे. ज्या काचांना भोकं असतात ती टेम्पर करायच्या आधीच पाडलेली असतात.

सुपरग्लू वाळला की ठिसूळ होतो, दरवाजा चारदा आपटला की तडकणारच. विंडशील्ड बसवायला वापरतात ते युरेथेन आणा, वाळलं तरी रबरासारखं थोडं लवचिक राहतं म्हणून धक्के सोसतं. पण खरं काम चिकटवण्याच्या आधीचं आहे बरं का. काचेवर आणि पट्टीत जुन्या गोंदाचा कण न कण ब्लेडने खरवडायचा, गंज पॉलिश पेपरने काढायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि नंतर तिथे बोट लावायचं नाही. पट्टी आधी नेमकी कुठे होती त्याचा डाग काचेवर दिसतो, खरवडायच्या आधीच मार्करने खूण करा नाहीतर नंतर काच तिरकी चालेल. चिकटवलं की निदान २४ तास हात लावू नका.

गंजका_खिळा: मी दोन भागांचं इपॉक्सी लावलं होतं, टिकलंय अजून, त्यामुळे युरेथेनच पाहिजे असं काही नाही. पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र लावू नका, त्यातून वाळताना ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि पट्टी परत गंजते.

आणि हो, हात आत घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. चुकून बटण दाबलं गेलं तर बोटं जातील, शिवाय काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर पण दरवाजात असतो.

मागचीसीट: सगळे गोंदावर बोलतायत, पण पट्टी सुटली का ते कुणी बघणार आहे का? काच ज्या रबरी खोबणीत सरकते ती सुकून घट्ट झाली की मोटर खाली ओढते, काच वर अडते आणि सगळा ताण त्या चिकटलेल्या जागेवर येतो. खोबणीतली माती काढून सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा कागद पण नीट परत चिकटवा, लोक फाडून टाकून देतात आणि मग पावसात पायाशी पाणी का येतं विचारतात.

रात्रपाळी: झालं एकदाचं! युरेथेन लावलं, काच पूर्ण वर ओढून चौकटीवरून दोन्ही बाजूंनी टेप मारून ठेवली, दीड दिवस तशीच. खोबणीत एवढी माती होती की मोटरचीच दया आली. पुढचं टोक जरा खाली राहत होतं, रेग्युलेटरचे दोन बोल्ट ढिले करून काच वर दाबून परत कसले तेव्हा बसलं. बॅटरी काढल्यामुळे एका टचमध्ये वर जायचं बंद झालं होतं, घाबरलो, पण मॅन्युअलमध्ये बघितल्यावर काच वर नेऊन बटण तसंच थोडा वेळ धरून ठेवलं तर आलं परत. पॅडच्या तीन क्लिपा मात्र मोडल्या काढताना, त्या कोपऱ्यात आता खडखड येतेय.

पान्हा१०: क्लिपा नवीन घाला, त्या मोडतातच. पुढच्या वेळी स्क्रू ड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टी घालून क्लिपच्या अगदी जवळून उचका.