मदत हवी आहे: 'द ड्रीमिंग'च्या ड्रोनला (सतत घुमणाऱ्या सुराला) जुन्या सॅम्पलरचा पोत कसा आणायचा?

ब्रिटिश गायिका केट बुशचं १९८२चं सिंगल 'द ड्रीमिंग' स्टेजसाठी बसवतोय. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जमिनी आणि युरेनियमच्या खाणी हा त्याचा विषय. तिथल्या मिरार आदिवासींच्या भागातली रेंजर खाण तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. त्यामुळे कुणाच्या विधींचं रेकॉर्डिंग उचलायचं नाही, हे पक्कं.

डिजरिडू या आदिवासी फुंकवाद्याऐवजी १३० सेंमीचा पीव्हीसी पाइप, तोंडाशी मेण. सूर साधारण ६५ हर्ट्झ, म्हणजे खालचा सी. फेअरलाइट या त्या काळच्या सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज हव्या त्या सुरात वाजवणारं यंत्र) ८ बिट आणि दर व्हॉइसला १६ केबी मेमरी, म्हणजे १६ किलोहर्ट्झला जेमतेम एक सेकंद. म्हणून लूपही तेवढाच ठेवलाय. पूर्ण आवर्तनांवर कापला की टिकटिक जाते, पण श्वासाचा हिसका दर सेकंदाला येतोच. २०० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (लूपचं शेवट-सुरुवात एकमेकांत विरघळवणं) दिला तर हिसक्याबरोबर वरचं 'वाँव-वाँव'ही पुसलं जातं आणि उरतो नुसता गिरणीचा भोंगा. बिटक्रशर (आवाजाचे बिट कमी करणारा इफेक्ट) ८ वर ठेवला की आवाज विरताना खरखर. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावला तर शेपूटच तुटतं.

रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि एकच लॅपटॉप आहे. विकतचं प्लगइन किंवा हार्डवेअर कृपया सुचवू नका.

मूळ यंत्रात सूर बदलला की सॅम्पल वाजण्याचा वेगच बदलायचा आणि फिल्टर सुराबरोबर सरकायचा. रीपरमध्ये असा सुरामागे जाणारा लो-पास (वरच्या कंप्रता कापणारा फिल्टर) कसा बसवायचा, आणि तो बिटक्रशरच्या आधी की नंतर?